अप्पांचा खांदा आणि माझं कॉलेज

आमच्या घरात हळू बोलणारा माणूस म्हणजे आजारी माणूस. राजाजीनगरात खाली दुकान, वर आम्ही आणि आमच्या डोक्यावर गच्चीतली भाड्याची खोली, असं ते घर होतं. दुकानाच्या पाटीवर 'कोंडिमेंट्स' लिहिलेलं. बंगळूरबाहेरच्या माणसाला त्या पाटीवरून आत लोणची मिळत असतील असं वाटेल, पण आमच्याकडे चकल्या, कोडबळी म्हणजे तिखट कडबोळी, निप्पट्टू म्हणजे खुसखुशीत तिखट पुऱ्या आणि सणावारी होळगी म्हणजे पुरणपोळ्या मिळत. दुकानाच्या मागच्या बाजूला एक भला मोठा ग्राइंडर होता. तो पहाटेपासून घरघरायला लागला की घरातल्या प्रत्येकाला त्याच्यावरून ओरडून बोलावं लागे. नुसतं ओरडूनही भागत नसे, कारण ग्राइंडर अक्षरं खातो. 'मीठ' म्हणावं तर 'पीठ' ऐकू येई आणि अख्खा घाणा बिघडे. त्यामुळे आम्ही सगळे मोठ्यानं आणि प्रत्येक अक्षर सुटं करून बोलत असू. अम्मानं वरून 'कढीपत्ता आण' म्हटलं की समोरच्या औषधाच्या दुकानातला माणूसही मान वर करून बघे. आजही बँकेच्या खिडकीशी मी काही विचारलं की माझ्या मागची रांग एक पाऊल मागे सरकते.

घरात आम्ही चौघं. अप्पा, अम्मा, मी आणि अप्पांची थोरली बहीण, जिला आम्हीच काय, अख्खी गल्ली अक्का म्हणे. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं अक्का सांगायची. विसरताना मराठी तेवढी बरोबर राहिली, पण तिच्यात कन्नड इतकी मुरली होती की कुठलं काय ते आम्हालाच कळत नसे. 'स्वल्प थांब', 'सरी, येते मी', 'अय्यो, दूध उतू गेलं', हे सगळं आमच्या लेखी शुद्ध मराठी. अप्पांचा सगळ्यात आवडता शब्द 'नोडोणा', म्हणजे 'बघूया'. लग्नाचं बोलावणं आलं, नोडोणा. छत गळतंय, नोडोणा. खांद्याचं दुखणं डॉक्टरला दाखवा, नोडोणा. वर्षानुवर्षं सोऱ्या दाबून त्यांचा उजवा खांदा असा झाला होता की शर्ट घालताना ते आधी खांद्याची समजूत घालत आणि मग हात बाहीत घालत.

त्या वर्षी मी पीयूसी, म्हणजे बारावी, पास झाले होते आणि मला दगड शिकायचे होते. मी भूशास्त्र म्हणायची, घरात सगळे दगड म्हणत. मेट्रोसाठी जमीन खणत होते तेव्हा रस्त्याकडेला फोडलेल्या खडकांचे ढीग पडलेले असत. त्यातला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक तुकडा मी घरी आणला होता. आपल्या पायाखाली इतकं जुनं, इतकं वळलेलं, पिळलेलं काहीतरी आहे आणि आपण त्याच्यावर चकल्या तळतो आहोत, ह्या विचारानं मला रात्री झोप लागत नसे. अक्कानं तो दगड स्वच्छ धुतला आणि लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवून दिला. मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात मला जागा मिळत होती. अम्माचं म्हणणं, कॉलेजला जरूर जा, पण कॉमर्सला जा. अक्काचं म्हणणं, दगड शिकायला कॉलेज कशाला, फुटपाथवर आहेत तेवढे पुरत नाहीत काय? अप्पांचं म्हणणं तुम्ही ओळखलंच असेल.

अशात गच्चीवरचा कौस्तुभ मध्ये आला. हा पुण्याचा मुलगा, एचएसआर लेआउटमध्ये एका छोट्या नव्या कंपनीत कामाला. पहिल्याच दिवशी त्यानं अक्काला विचारलं होतं, "काकू, तुम्ही ॲक्च्युअली मराठी बोलता की कन्नड?" त्यावर अक्का म्हणाली होती, "तू ॲक्च्युअली काय बोलतोस ते आधी सांग." तेव्हापासून दोघांचं छान जमत असे. एका सकाळी मी गॅलरीतून गॅसवाल्याला सांगत होते की रिकामा सिलिंडर दाराशी आहे, भरलेला आत ठेवा, आणि घंटी वाजवू नका, बिघडली आहे. कौस्तुभ दात घासता घासता जिन्यावरून धावत खाली आला. आम्हाला वाटलं, तक्रार घेऊन आला. अक्कानं त्याला बोलूच दिलं नाही. "भाडं कमी होणार नाही," ती म्हणाली. पण त्याला वेगळंच सांगायचं होतं. त्यांच्या कंपनीनं एक मशीन बनवलं होतं, जे लोकांना फोन करून माणसासारखं बोलायचं. आज मशीनं काय काय बोलतात आणि आपण त्यांना कंटाळूनही गेलो आहोत, पण तेव्हा ती नुकतीच तोंड उघडायला लागली होती. त्यांना मराठीसाठी आवाज हवा होता. पुढे तो आवाज सांभाळायला, मशीनची वाक्यं लिहायला आणि त्याचे फोन ऐकून चुका काढायला माणूसही हवं होतं. "तुझा आवाज ना, एकदम क्लिअर आहे," कौस्तुभ म्हणाला. "गॅसवाला खाली रस्त्यावर होता, पण एक शब्द मिस झाला नाही त्याचा."

पगार ऐकला तेव्हा अम्मा खाली बसली. अप्पा महिनाभर तेलासमोर उभे राहून जे मिळवत, त्याच्यापेक्षा तो जास्त होता, आणि मला तर अजून मतदानाचंही कार्ड आलेलं नव्हतं. कॉलेजच्या प्रवेशाची मुदत संपायच्या आत थोडे दिवस येऊन बघ, जमलं तर पक्की नोकरी, असं ठरलं. दुसऱ्या दिवशीपासून अक्का माझ्या दोशावर जास्तीचं तूप घालू लागली. "नोकरीवालीला लागतं," ती म्हणायची. अप्पांनी घाण्यातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सरी. नोडोणा."

मला ते ऑफिस आवडलं हे कबूल करायला हवं. मेट्रो, मग बस, मग घामाघूम चालणं, आणि मग एकदम गारेगार काचेचं दार. बसायला मोठमोठ्या उशा होत्या, ज्यांत एकदा बसलं की कुणीतरी हात दिल्याशिवाय उठता येत नसे. फुकट बिस्किटं होती. मालक रोहन नावाचा, दिल्लीकडचा, अर्ध्या चड्डीत वावरणारा मुलगा होता, आणि सगळे त्याला एकेरीत हाक मारत. मला ते जमेना, मग मी त्याला हाकच मारत नसे. समोर जाऊन उभी राहायची आणि त्यानं वर बघायची वाट पाहायची. तो दर वेळी दचकायचा.

काम मात्र विचित्र होतं. पाणी शुद्ध करायचे फिल्टर विकणारी एक कंपनी होती, तिच्या महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांना फोन करून सर्व्हिसिंगची आठवण करायची होती. मी एका गादीच्या भिंतींच्या खोलीत बसून वाक्यं बोलायची आणि कौस्तुभ काचेपलीकडून हात हलवायचा. "'स्वल्प थांबा' नको, 'थोडं थांबा' म्हण." "'सरी' नको, 'ठीक आहे' म्हण." पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून दोनदा 'सरी' गेलं होतं आणि ते कुणीतरी न तपासता मशीनला शिकवलं होतं. साताऱ्याकडच्या एका गृहस्थांना मशीनचा चाचणीचा फोन गेला. ते म्हणाले, फिल्टर ठीक आहे. मशीन म्हणालं, "सरी, सरी." ते म्हणाले, "सरी कसली? तुमचाही ऊसच आहे होय?" आणि मग बराच वेळ ते मशीनला लागवडीबद्दल सांगत राहिले. एक अख्खी दुपार मी नुसतं 'हं' म्हणण्यात घालवली. समोरचा बोलत असेल तोवर मशीननं गप्प राहायचं आणि मध्ये मध्ये 'हं' म्हणायचं, अशी योजना होती. सहानुभूतीचं हं, कुतूहलाचं हं, 'पुढे काय झालं' वालं हं. मला फार जड गेलं, कारण आमच्या घरात समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी थांबतच नाही, त्यामुळे 'हं' म्हणायची वेळ येत नाही.

मुदत जवळ येत चालली आणि माझं काही ठरेना. सकाळी बसमध्ये वाटायचं, जायचं तर कॉलेजलाच. संध्याकाळी घरी आलं की अप्पा डाव्या हातानं उजवा खांदा धरून गिऱ्हाइकाला चकल्या मोजून देताना दिसायचे. मग वाटायचं, माझ्या पगारात हाताखाली एक माणूस ठेवता येईल, ते जरा बसतील. दगड काय, इतकी युगं थांबलेत, आणखी थांबतील. एकदा मी अक्काजवळ हे बोलले. अक्काला सांगितलेलं मनात राहत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक होतं, तरी बोलले.

मग तो दिवस आला. फिल्टरवाल्या कंपनीचे दोन साहेब मुंबईहून मशीन बघायला आले. एक गोरे, गंभीर, मराठी बोलणारे, दुसरे सारखे घड्याळ बघणारे. काचेच्या खोलीत सगळे जमले. रोहननं त्या दिवशी पूर्ण पँट घातली होती. साहेब म्हणाले, "तयार करून ठेवलेलं नको. आत्ता समोर कुणालातरी खरा फोन लावून दाखवा." रोहननं कौस्तुभकडे बघितलं. कौस्तुभला त्या घाईत एकच मराठी माणूस आठवला, ज्याचा नंबर पाठ होता आणि जो भर दुपारी नक्की फोन उचलेल. त्याचा घरमालक. मी त्या मोठ्या उशीत बसले होते. नंबर पडद्यावर दिसला आणि मी उठायचा प्रयत्न केला, पण त्या उशीतून असं पटकन उठता येत नाही.

फोन उचलला गेला. आधी तेलाचा चर्र आवाज, मग अप्पा, पूर्ण ताकदीनं, "हलोऽऽ!" घड्याळवाले साहेब खुर्चीतच मागे झाले.

"नमस्कार," माझा आवाज भिंतीवरून म्हणाला. "मी आपल्याशी दोन मिनिटं बोलू शकते का?"

"नमस्कार काय करतेस ग?" अप्पा म्हणाले. "जेवलीस?"

"माफ करा, मला समजलं नाही. आपण पुन्हा सांगाल का?"

"जेवलीस काय, विचारलं! आवाज कापतोय तुझा. त्या एसीत बसतेस, शाल नेलीस?"

"आपला फिल्टर नीट चालतो आहे का?"

आमच्याकडे फिल्टर म्हणजे एकच, कॉफीचा. अप्पांनी अगदी मनापासून विचार केला असणार. "चालतोय, पण सकाळी डिकॉक्शन पातळ उतरलं. पूड जाड होती. अम्माला सांगू नको, मी सांगितलं म्हणून."

मराठी साहेब हसू दाबायला लागले. रोहनला एक अक्षर कळत नव्हतं, तो कौस्तुभला कोपरानं ढोसत होता. "क्या बोल रहे हैं? कॉफी क्यों बोल रहे हैं?"

"आपली अडचण मी नोंदवली आहे," मशीन म्हणालं. "आपली आणखी काही अडचण आहे का?"

अप्पांच्या मागे तेल उकळत होतं, ग्राइंडर घरघरत होता. मग तो ग्राइंडर थांबला. त्यांनी बंद केला होता. भर दुपारी, कामाच्या वेळी, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

"आहे," अप्पा म्हणाले, आणि तेही हळू आवाजात. मी त्यांचा तो आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. "बघ, तू समोर असलीस की बोलता येत नाही. तू बोलतेस, अम्मा बोलते, अक्का बोलते, हा ग्राइंडर बोलतो. माझी पाळीच येत नाही."

"हं," मी म्हणाले. म्हणजे ते म्हणालं. सहानुभूतीचं हं.

"अक्का सांगत होती, माझ्या खांद्यासाठी नोकरी धरतेस म्हणून. असं करू नको. खांदा माझा आहे. माझा खांदा मी बघतो. तू तुझं कॉलेज बघ."

"हं."

"मी तुझ्याएवढा होतो तेव्हा मला रेडिओ दुरुस्त करायला शिकायचं होतं. कुणी नाही म्हणालं नाही. मीच विचारलं नाही. दुकान होतं, उभा राहिलो. वाईट काही झालं नाही, पण अजून रस्त्यात रेडिओ लागलेला ऐकला की मी आधी आवाज ऐकतो, खरखर कुठून येते ते. गाणं नंतर."

"हं?" हे 'पुढे काय झालं' वालं होतं.

"पुढे काय? दगड तर दगड. मला त्यातलं काही कळत नाही. पण तू तो बरणीवरचा दगड उचलून बघत बसतेस तेव्हा तुझं तोंड वेगळंच दिसतं. नोकरीची गोष्ट सांगताना तू बिस्किटांचं सांगतेस. म्हणून म्हणतो, जा. आता मी 'नोडोणा' म्हणत नाही. जा म्हणतो."

"धन्यवाद," मशीन म्हणालं. "एक ते पाचमध्ये आपण मला किती गुण द्याल?"

"तुला?" अप्पांचा आवाज चढून नेहमीच्या पट्टीत आला. "पाच! गणितात कमी पडले तरी पाच! ठेव आता, तेल जळतंय!"

खोलीत टाळ्या वाजल्या. घड्याळवाले साहेब घड्याळ विसरून म्हणत होते की गिऱ्हाईक इतका वेळ मशीनशी बोललं आणि शेवटपर्यंत त्याला शंका आली नाही, हे भलतंच भारी आहे. मराठी साहेब मात्र चष्मा काढून पुसत होते आणि माझ्याकडे बघत होते, कारण मी उशीत रुतलेल्या अवस्थेत हमसून हमसून रडत होते, आणि माझा रडण्याचा आवाजही अर्थात तेवढाच मोठा आणि स्वच्छ होता. रोहननं मला हात देऊन बाहेर काढलं आणि तिथल्या तिथे पगार आणखी वाढवला. मी 'नो' म्हणाले. त्याला वाटलं, कमी वाटतोय, म्हणून त्यानं पुन्हा वाढवला. शेवटी कौस्तुभनं त्याला बाजूला नेऊन फोनमध्ये काय बोलणं झालं ते सगळं सांगितलं. रोहन परत आला तेव्हा त्याचंही नाक लाल होतं. "अंकल को बोलना, फाइव स्टार," एवढंच तो म्हणाला.

मी घरी पोचले तेव्हा अप्पा कढईसमोर होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "फोनवर किती शहाण्यासारखी बोललीस. मध्ये एकदाही तोंड घातलं नाहीस. घरी काय होतं तुला?"

मी सांगून टाकलं. ती मी नव्हते, मशीन होतं. माझा आवाज, पण मशीन. फिल्टर पाण्याचा. आणि खोलीभर माणसं ऐकत होती.

अप्पांनी झारा कढईच्या काठावर आपटला, तेल निथळू दिलं, चकल्या परातीत ओतल्या. त्यांचे कान लाल झाले होते. वरून अक्कानं ओरडून विचारलं, "काय झालं रेऽऽ?" आणि त्यांनी ओरडून सांगितलं, "काही नाहीऽऽ!" मग ते माझ्याकडे वळले.

"मशीननं ऐकलं, ते तुझ्या कानावर पडलं ना?"

"पडलं."

"सगळं?"

"सगळं."

"सरी," अप्पा म्हणाले. "मग पुन्हा सांगायला लावू नको. ती परात उचल."

कौस्तुभला फार अपराधी वाटलं. त्यानंतर कितीतरी रविवार तो खाली येऊन अप्पांच्या जागी सोऱ्या दाबत असे. त्याच्या चकल्या प्रश्नचिन्हासारख्या पडत, आणि अक्का त्या वेगळ्या डब्यात 'पुण्याचा माल' म्हणून ठेवून गल्लीतल्या पोरांना वाटे. मशीनला पुढे पुण्याच्याच कुणा बाईंचा आवाज मिळाला आणि फिल्टर सगळ्यांचे चालतच राहिले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी आणि अप्पा मल्लेश्वरमला गेलो. अप्पांनी लग्नकार्याचा शर्ट घातला होता आणि हातात कोडबळ्यांचा पुडा होता, कुणाला द्यायचा हे न ठरवता आणलेला. भूशास्त्राच्या विभागप्रमुख एक उंच, उन्हानं रापलेल्या बाई होत्या. त्यांच्या टेबलावर, खिडकीत, खुर्चीखाली, सगळीकडे दगड होते. अप्पांनी बसायच्या आधी खुर्चीही तपासून घेतली. बाईंनी माझ्याशी चार शब्द बोलून घेतले आणि मग अप्पांकडे वळून कन्नडमध्ये म्हणाल्या, "मुलीला उन्हात हिंडावं लागेल. टेकड्या चढाव्या लागतील, हातोड्यानं खडक फोडावा लागेल. घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

मी तोंड उघडलं होतं, पण मिटलं. पाळी अप्पांची होती.

अप्पांनी पुडा बाईंच्या टेबलावर दोन दगडांच्या मध्ये नीट ठेवला आणि पुढे वाकून विचारलं, "हातोडा कॉलेज देतं, की आम्ही आणायचा?"

"आणलात तर उत्तम," बाई म्हणाल्या.

मी सह्या करून बाहेर आले तर अप्पा कुठेच नव्हते. फाटकापाशी नव्हते, झाडाखाली नव्हते. मग रस्त्यापलीकडून त्यांचा आवाज आला, अर्थात सगळ्या रहदारीच्या वरून. लोखंडी सामानाच्या दुकानात उभे राहून, एका हातात एक हातोडा तोलत, ते दुकानदाराला विचारत होते, "ह्याच्याहून मोठा नाही काय?"